हाताखालच्या बायका

१० मार्च, सोमवार

आमचे सुपरवायझर आप्पा आज निवृत्त झाले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, या खुर्चीत बसलं की दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं असतं. आपलं बोलायला एखादी जागा ठेव, नाहीतर घरच्यांवर निघतं." त्यांची जागा म्हणजे त्यांची म्हातारी कुत्री. संध्याकाळी तिला फिरायला नेतात आणि सगळ्या कारखान्याला शिव्या घालतात. मला काही कुत्रं पाळायचं नाही, म्हणून ही वही.

तर आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनतात. पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरायची, तिला वाइंडिंग म्हणतात, ते आमचं खातं. खात्यात सगळ्या बायका आणि वर सुपरवायझर पुरुष, असं पहिल्यापासून चालत आलेलं. आजपासून सुपरवायझर बाई आहे आणि ती बाई मी आहे. हे वाक्य लिहून परत एकदा वाचलं. बरं वाटलं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "बाईला बाईची भाषा कळते. तुमच्या खात्यात कुरबुरी फार. तुम्ही त्या आतल्या आत मिटवाल. आधी तीन महिने ट्रायल, मग कायम." शेजारच्या टेस्टिंग खात्याच्या फोरमनला नेमताना ट्रायल नव्हती, हे मला तिथेच आठवलं होतं, पण आनंदाच्या भरात विचारायचं राहून गेलं. असो. साहेबांचा माझ्यावर विश्वास आहे, हे काय थोडं झालं.

पहिल्यांदा घारीला सांगितलं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आम्ही दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो, तेव्हापासून डबा एकत्र. तिच्या डोळ्यांवरून हे नाव पडलं आणि आता तिचा नवराही तिला त्याच नावाने हाक मारतो. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "म्हणजे आता तू त्यांच्यातली." हसत म्हणाली. मीही हसले.

११ मार्च, मंगळवार

सुपरवायझरची केबिन म्हणजे तीन बाजूंनी जाळी. आतून सगळं खातं दिसतं आणि खात्याला आपण दिसतो. कोंबडीच्या खुराड्यात कोंबडा बसवल्यासारखं वाटलं. खुर्चीत बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकेनात. आप्पा उंच होते. खाली लाकडी खोकं घेतलं.

मी टेबलांमधून फिरायला लागले की बोलणी बंद होतात. काल दुपारपर्यंत त्या बोलण्यांत मीच पुढे असायचे. मावशी म्हणाली, "या, बाईसाहेब." मावशी ही खात्यातली सगळ्यात जुनी बाई. सगळ्यांची मावशी, कुणाचीच भीड न ठेवणारी. मी म्हटलं, "मावशी, कालपर्यंत तू मला गधडे म्हणत होतीस." ती म्हणाली, "तेही म्हणेन, वेळ आली की."

१८ मार्च, मंगळवार

आज टेस्टिंगच्या फोरमनशी पहिली खडाजंगी. आमच्याकडून भरून गेलेल्या मोटारी त्यांच्या खात्यात तपासतात. विजेचा दाब देऊन बघतात, चांगल्या मोटारीला हिरवी चिठ्ठी, वाईट मोटारीला लाल. त्याने दहाबारा मोटारी परत पाठवल्या आणि वर निरोप धाडला की बायकांना गप्पा कमी करायला सांगा. मी जाऊन मोटारी उघडून बघितल्या. निम्म्यांत दोष आमचा होता, निम्म्यांना उचलताना त्यांच्याकडच्या हुकाचा मार लागलेला. आमच्या तेवढ्या घेतल्या, बाकीच्या तिथेच ठेवल्या. तो म्हणाला, "आप्पा सगळ्या घेऊन जायचे." मी म्हटलं, "आप्पा भले होते."

ह्यांचं चौकात किल्ल्या बनवायचं दुकान आहे. ते आज लवकर घरी आलेले, भात-भाजी तयार. गिऱ्हाईक नव्हतं म्हणाले. भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. मी ताट चाटूनपुसून संपवलं.

२४ मार्च, सोमवार

मोठी ऑर्डर आली आहे. जूनच्या सुरुवातीला माल जायला हवा, म्हणजे बरोबर माझी ट्रायल संपताना. घोडामैदान जवळच आहे म्हणायचं. साहेब म्हणाले, "हीच तुमची परीक्षा समजा."

मी टेबलांची मांडणी बदलली. मोटारीचे जड लोखंडी गाभे उचलायला लागू नयेत म्हणून ढकलगाडी मागवली. आणि वार्निशच्या टाकीच्या पाळ्या नव्याने लावल्या. तार भरून झाली की मोटार त्या टाकीत बुडवायची, निथळू द्यायची आणि भट्टीत घालायची. काम अवघड नाही, पण वास डोक्यात जातो. संध्याकाळी घरी गेलं तरी पदार्थाला वार्निशची चव लागते. म्हणून प्रत्येकीचा एक आठवडा, कुणाची सुटका नाही. आप्पा लाडक्या बायकांना वगळायचे. मी ठरवलं आहे, माझ्या राज्यात भेदभाव नाही.

घारीचा आठवडा पुढच्या सोमवारपासून आहे. तिने पाळीचा कागद दोनदा वाचला आणि टेबलावर जाऊन बसली.

२६ मार्च, बुधवार

घारीचं काहीतरी बिनसलं आहे. डबा खायला माझ्याजवळ येत नाही. खिडकीपाशी जाऊन बसते आणि नुसतं लिंबाचं पाणी पिते. मी विचारलं तर म्हणाली, भूक नाही. कामातही लक्ष कमी. मधेच उठते, बाथरूमला जाते, बराच वेळ येत नाही. गाभा उचलायचा झाला की इकडेतिकडे बघते आणि कुणीतरी पुढे होऊन उचलून देतं. मी ढकलगाडी मागवली ती काय शोभेला?

आणि आज कळलं की तिने परस्पर पाळी बदलून घेतली. पुढच्या आठवड्यात तिच्याऐवजी मावशी टाकीवर उभी राहणार. मावशी, जिला धुराने खोकला येतो. मला कुणी विचारलंही नाही.

मी घारीला केबिनमध्ये बोलावलं. म्हटलं, "पाळी मी लावली आहे. बदलायची असेल तर कारण सांग."

ती म्हणाली, "कारण आहे. सांगता येत नाही."

"मला सांगता येत नाही?"

तिने जाळीतून बाहेर बघितलं. सगळ्या खाली माना घालून काम करत होत्या, इतक्या मन लावून की ऐकत होत्या हे उघड होतं. ती म्हणाली, "तुला म्हणजे कुणाला?" आणि उठून गेली.

आता यात काय समजायचं? मला तरी एकच दिसतं. आम्ही दोघी बरोबरीच्या, मी वर गेले, ती राहिली. तिच्या जागी मी असते तर मलाही टोचलं असतं. पण मी तोंडावर बोलले असते.

२८ मार्च, शुक्रवार

ह्यांना सगळं सांगितलं. ते भांडी घासत होते. म्हणाले, "घारी जळणाऱ्यातली वाटत नाही मला." मी म्हटलं, तुम्हाला बायकांतलं काय कळतं. ते म्हणाले, "बायकांतलं नाही कळत. पण कुलूप उघडेना झालं की लोक किल्लीला शिव्या देतात. बऱ्याचदा आत काहीतरी अडकलेलं असतं."

दिवसभर किल्ल्या घासून माणसाचं असं होतं. दुकान हल्ली रोजच लवकर बंद करतात. धंदा मंदावलेला दिसतो, बोलून दाखवत नाहीत बिचारे.

३१ मार्च, सोमवार

घारी टाकीवर गेली नाही. मावशी हातमोजे घालून उभी राहिली. मी तिला परत टेबलावर पाठवलं आणि घारीला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझी पाळी आहे, तू जा. ती बसून राहिली. सगळं खातं बघत होतं.

मी तिला नोटीस दिली. कामास नकार. सही करताना पेन दोनदा अडलं. पण आज जर सोडलं असतं, तर उद्या प्रत्येकीने सोय बघितली असती आणि साहेब म्हणाले असते, बघा, बाईला जमलं नाही. मैत्रिणीसाठी पुढच्या सगळ्या बायकांची वाट बंद करू का मी?

नोटीस वाचून ती उठली आणि टाकीकडे गेली. मावशीने माझ्याकडे जे बघितलं ते काही मला गधडे म्हणण्यासारखं नव्हतं. त्याहून वाईट होतं.

२ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

जेवणाच्या सुट्टीआधी भट्टीकडून कुणीतरी ओरडलं. मी धावले. घारी भट्टीच्या मागे भिंतीला टेकून खाली बसली होती, तोंड पांढरंफटक. एकजण तिच्या एप्रनच्या गाठी सोडत होती. गाठी पार टोकाला बांधलेल्या, एप्रन कमरेला पुरतच नव्हता. मी तो रोज बघत होते, जाळीतून, दोन दिवस.

मी म्हटलं, "काय झालं? सकाळी खाल्लं नव्हतंस का?"

मावशी माझ्याकडे वळली. आवाज न चढवता म्हणाली, "चौथा महिना आहे तिचा. अख्ख्या खात्याला माहीत आहे. तूच तेवढी राहिली होतीस."

मला आधी काही समजलंच नाही. घारी अडतीस वर्षांची. इतक्या वर्षांत झालं नाही, औषधं झाली, रडून झालं, आणि एक दिवस माझ्यासमोरच ती म्हणाली होती की आता हा विषय बंद. मी तो बंद केला होता. इतका, की समोर दिसत असूनही मला दिसलं नाही.

तिला आम्ही चौघींनी धरून प्रथमोपचार खोलीत नेलं. तिथून तिच्या नवऱ्याला बोलावलं. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सुट्टी झाल्यावर घारीच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. क्षणभर मला वाटलं, तो आत घेत नाही. मग बाजूला झाला.

ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी चार दिवस पडून राहायला सांगितलंय. बाळ ठीक आहे. हे ऐकलं आणि मी खुर्चीवर बसले, कुणी बस म्हणायच्या आधीच.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगायचं होतं? मैत्रिणीला की सुपरवायझरला? तू कुठल्या वेळी कोण असतेस ते मला कळेना."

"दोघींनाही सांगायचं."

"सुपरवायझरला कळलं की काय होतं ते तुला माहीत नाही?"

माहीत आहे. आमच्या पलीकडच्या टेबलावर एक पोरगी होती. तिला दिवस गेले तेव्हा मी आणि घारीने तिच्या वाट्याच्या कॉइली, म्हणजे तारेची वेटोळी, वाटून घेतल्या होत्या, ती बसून राहावी आणि आप्पांना कळू नये म्हणून. आप्पांना कळलंच. आप्पा वाईट नव्हते. त्यांनी तिला प्रेमाने समजावलं की पोरी, आता घरी आराम कर, बाळ मोठं झालं की ये. ती आली तेव्हा जागा भरलेली होती. अशा किती गेल्या. आम्ही बाहेर आप्पांना शिव्या घालायचो. आता आप्पांच्या खुर्चीवर मी आहे आणि बायका कॉइली वाटून घेताहेत, मला कळू नये म्हणून.

मी म्हटलं, "नोटीस मी मागे घेते."

ती म्हणाली, "ते घेच. पण मला दया नको आहे तुझी. मला काम हवंय."

निघताना तिच्या नवऱ्याने विचारलं, चहा घेणार का. मी नाही म्हटलं. खरं तर हवा होता.

४ एप्रिल, शुक्रवार

नोटीस फाडली नाही. फाडली की झालंच नाही असं होतं. तिच्यावर लिहिलं, "ही चुकीने दिली होती, मागे घेत आहे," खाली सही केली आणि फाइलला लावली.

खात्यात कुणी माझ्याशी बोललं नाही. मीही समजावायला गेले नाही.

७ एप्रिल, सोमवार

साहेबांनी बोलावलं. प्रथमोपचार खोलीतून त्यांच्यापर्यंत गेलंच होतं. ते खूप मायेने बोलले. बसा म्हणाले, पाणी मागवलं.

"तिच्या तब्येतीची काळजी घ्यायला हवी," म्हणाले. "आणि ऑर्डर पण बघायला हवी. तिला सांगा, उद्यापासून घरी राहा. पुढचं पुढे बघू."

"पुढे परत घेणार का, साहेब?"

"ते त्या वेळच्या गरजेवर. तुम्ही नीट समजावून सांगा. आम्ही पुरुषांनी सांगितलं तर वाईट दिसतं. तुम्ही बाई आहात, तुमचं ऐकतील." आणि मग, अगदी सहज, "म्हणून तर बाई नेमली."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, उद्या सांगते.

महिनाभर मी या खुर्चीवर खोकं घेऊन बसले आहे आणि मला वाटत होतं की ती मला कामाने मिळाली. कामाने मिळाली असेलही. पण दिली होती ती यासाठी. कुरबुरी आतल्या आत मिटवायला.

घरी ह्यांना सांगितलं. म्हटलं, नाही म्हटलं तर ट्रायल गेली, हो म्हटलं तर मी गेले. इकडे आड तिकडे विहीर. त्यांनी कणभरही उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "खुर्ची गेली तर तुझं टेबल आहे ना? तार भरायचं काम तर कुणी विसरायला लावत नाही."

खरंच. टेबल आहे की.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी आपणहून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही, उभी राहिले, कारण बसलं की माझा आवाज मऊ होतो.

"साहेब, कालचं लेखी द्या."

"कसलं लेखी?"

"हेच, की ती गरोदर आहे म्हणून तिला घरी बसायला सांगावं. खाली तुमची सही."

"असं कुणी लेखी देतं का?"

"मग मलाही तोंडी सांगता येणार नाही."

"तुमची ट्रायल चालू आहे, हे लक्षात आहे ना?"

"रोज सकाळी आठवतं, साहेब."

मग मी रात्री ठरवलं होतं ते सांगितलं. टेस्टिंगमधला एक माणूस दुसरीकडे गेल्यापासून तिथलं एक टेबल रिकामं आहे. बसून करायचं काम, वास नाही, वजन नाही. घारीला तिथे घ्या. तिला मोटारीची नस अन् नस माहीत आहे.

"टेस्टिंगमध्ये बायका नसतात."

"का?"

"तिथे करंट असतो."

मी म्हटलं, "साहेब, तो करंट आम्ही भरलेल्या तारेतूनच जातो."

ते हसले नाहीत. पण उठून खिडकीकडे गेले. मग म्हणाले, "घ्या तिला टेस्टिंगला. पण ऑर्डर एक दिवस जरी मागे पडली तरी जबाबदार तुम्ही. हे मात्र मी लेखी देऊ शकतो."

मी म्हटलं, द्या.

बाहेर आले. जिन्यावर बसून घेतलं. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

९ एप्रिल, बुधवार

आज सुट्टीत मी डबा घेऊन केबिनबाहेर आले आणि माझ्या जुन्या टेबलावर बसले. कुणी सरकून जागा दिली नाही, पण कुणी उठलंही नाही. साहेबांशी झालेलं बोलणं सांगितलं. बायकांच्या कानावर आधीच गेलं होतं. साहेबांच्या केबिनची भिंत पातळ आहे की आमच्या बायकांचे कान लांब, देव जाणे.

मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. मावशी म्हणाली, "घारीचं चांगलं केलंस. पण टाकीचं काय?"

"टाकीचं काय म्हणजे?"

"घारी निघाली, टाकी तिथेच आहे. उद्या दुसरी उभी राहणार. पोटुशी नसली म्हणून काय तिच्या छातीत वार्निश जात नाही? पंखा मागून मागून आप्पांचे केस पिकले. तू काय करणारेस?"

मी म्हटलं, मागते. ती म्हणाली, "मागणाऱ्या खूप झाल्या."

बरोबर होतं तिचं. मी एकीला वाचवून स्वतःवर खूश होऊन बसले होते.

१४ एप्रिल, सोमवार

घारी टेस्टिंगला रुजू झाली. फोरमनने तिला सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यातलं टेबल दिलं. तिने जाऊन खिडकीजवळचं रिकामं टेबल पुसलं आणि तिथे बसली. मला हे तिसऱ्याकडून कळलं. मी मुद्दाम तिकडे फिरकले नाही. मी गेले असते तर ती माझ्या वशिल्याची झाली असती.

या आठवड्याची टाकीची पाळी मी घेतली. नियम असा कुठे आहे की सुपरवायझरने टाकीवर उभं राहू नये. मधल्या वेळात केबिनचं काम. पहिल्याच दिवशी डोकं भणभणलं. मी जाळीत बसून पाळ्या लावत होते तेव्हा हा वास मी विसरलेच होते. महिन्याभरात माणूस किती विसरतं.

१६ एप्रिल, बुधवार

साहेब ऑर्डरचा हिशेब विचारायला खाली आले. मी कोपरापर्यंत हातमोजे घालून मोटार निथळवत होते, सोडून जाणं शक्यच नव्हतं. म्हटलं, "इथेच बोलू या, साहेब." ते रुमाल नाकाला लावून उभे राहिले. मी सावकाश सांगितलं. किती भरल्या, किती बुडवल्या, भट्टीत किती, कुठे अडतंय. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाले, "हे रोज असं असतं?"

मावशी शेजारच्या टेबलावरून म्हणाली, "आज वारा आहे, म्हणून बरं आहे."

मी हसू दाबलं. मुद्दाम नव्हतं केलं, शपथ. पण झालं ते बरं झालं.

२ मे, शुक्रवार

टाकीवर धूर ओढून घेणारा पंखा बसला. आवाज विमानासारखा करतो. मावशी म्हणते, आता कुणी काय बोलतंय ते ऐकू येत नाही, हा साहेबांचा डाव आहे. पण आज तिला खोकला नव्हता.

आणखी एक. टाकीवरच्या पाळ्यांसाठी मी दुसऱ्या खात्यातले पुरुषही मागितले होते. उत्तर आलं, नंतर बघू. नंतर म्हणजे कधी, हे मी दर सोमवारी विचारणार आहे.

टेस्टिंगचा फोरमन भेटला. म्हणाला, "तुमची मैत्रीण फार हळू आहे." मी म्हटलं, शिकेल. तो जाता जाता म्हणाला, "हळू आहे म्हटलं. चुकते असं नाही म्हटलं."

९ जून, सोमवार

ऑर्डर वेळेत गेली. शेवटचा आठवडा कुणी मान वर केली नाही. मी टेबलावर बसून तार भरली, मावशीने माझी कॉइल बघून दोनदा सोडवायला लावली.

साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं आणि ट्रायल आणखी तीन महिने वाढवली. म्हणाले, काम उत्तम आहे, पण स्वभाव थोडा ताठ आहे.

पूर्वीची मी असते तर घरी येऊन रडले असते. मी विचारलं, "टेस्टिंगच्या फोरमनचा स्वभाव किती महिने तपासला होता?" साहेब फाइल चाळायला लागले. म्हटलं, "वाढवा, साहेब. मी कुठे चालले आहे? पण तीन महिन्यांनी मी हाच प्रश्न घेऊन येईन, आणि एकटी येणार नाही."

घारीच्या बाळंतपणाच्या रजेचा अर्जही पुढे केला, परत आल्यावर त्याच टेबलावर रुजू होईल, असा. त्यांनी बराच वेळ वाचला आणि सही केली. माझ्या खात्यातून अशी सही झालेली ही पहिलीच.

ह्यांना सांगितलं. त्यांनी आज भाजी फार चांगली केली होती. म्हटलं, धंदा कधी सुधारणार तुमचा, रोज रोज लवकर येता. म्हणाले, सुधारेल.

१९ जून, गुरुवार

आज माझं डोकं फिरलं होतं, म्हणून आधी लिहून टाकते.

दुपारी टेस्टिंगमधून मोटारींची एक अख्खी गाडी परत आली. प्रत्येकीला लाल चिठ्ठी. खाली सही घारीची. खात्यात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, तिच्यासाठी आम्ही काय काय केलं आणि ही बघा. मावशीसुद्धा म्हणाली, "शिंगं फुटली बाईला."

मी तडक टेस्टिंगमध्ये गेले. तिथले सगळे पुरुष हातातलं काम टाकून बघायला लागले. फोरमन तर खुर्ची वळवूनच बसला. घारी खिडकीजवळ होती. पोट टेबलाला लागू नये म्हणून तिने खुर्ची तिरकी घेतली होती.

मी हळूच म्हटलं, "अगं, एवढ्या सगळ्या? कालच्याच तर भरल्या आहेत. एकदा मला आधी सांगायचंस."

ती मोठ्याने म्हणाली, म्हणजे नेहमीच्या आवाजात, "सुपरवायझरबाई, तारेखालचा इन्सुलेशनचा कागद खाचेत पूर्ण बसलेला नाही. आज चालेल, सहा महिन्यांनी पंप जळेल. बघायचंय?"

तिने एक मोटार जोडली आणि मीटरचा काटा दाखवला. मग खाचेवरची पाचर काढून कागद दाखवला. काठाशी दुमडलेला. दुसरी उघडली, तीही तशीच. तिसरी मी स्वतः निवडली आणि उघडली. तीही. नव्या गठ्ठ्यातला कागद आखूड कापलेला होता आणि तो गठ्ठा मी सही करून घेतला होता, उघडून न बघता.

"माझ्याकडूनच सुटलं," मी म्हटलं.

"ठीक आहे. दुरुस्त करून परत पाठवा, मी आधी तुमच्या घेते," ती म्हणाली आणि पुढची मोटार ओढली.

फोरमन खुर्ची सरळ करून कामाला लागला. एका माणसाने दुसऱ्याला काहीतरी म्हटलं आणि दोघे हसले, पण घारीकडे बघून नव्हे.

मी गाडी ढकलत परत आले. वाटेत इतका राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, त्याने मला चालताचालता हसू यायला लागलं. खात्यात येऊन सांगितलं, चूक आपली आहे, कागद मी बघून घेतला नव्हता, सगळ्या मोटारी सोडवायच्या. मावशीने एक उघडून बघितली, कागदावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "गधडे."

मग तिने पहिली मोटार आपल्या टेबलावर घेतली.